सोबतच्या माणसाचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, केमोच्या फेऱ्या संपल्या आणि मग फाईलवर किरणोपचाराची तारीख पडली, की वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या घरात पहिला प्रश्न यंत्राचा निघत नाही. यंत्र आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किरणोपचार मिळतो, सावंगी मेघे येथे मिळतो, नागपूरच्या वाटेवर जामठ्याला आणि खुद्द नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयातही मिळतो. पहिला प्रश्न निघतो तो रोज सोबत कोण जाणार, हा. सोमवार ते शुक्रवार, असे तीन आठवडे, कधी पाच. तेवढे दिवस चूल कोणाच्या अंगावर, सासूच्या गोळ्यांकडे कोण बघणार, फुटलेला कापूस कोण वेचणार. हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरचा, आणि तो घरानेच सोडवावा, असे आपण मानून चाललो आहोत. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा, आणि त्याआधीच्या दोन हजार वर्षांचाही इतिहास पाहिला तर असे दिसते की वैद्यकाने जेव्हा जेव्हा हा प्रश्न घरावर सोडून दिला, तेव्हा तेव्हा उत्तमातली उत्तम चिकित्साही रोग्यापर्यंत अर्धीच पोचली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. या प्रत्येकाचे चार-चार गुण तिथे मोजले आहेत, आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी उपचाराची रीत ठाऊक असणे, मग हाताची दक्षता, मग रोग्याविषयीची माया, मग शुचिता. माया तिसरी आली. नुसत्या मायेने शुश्रूषा निभत नाही, ती शिकावी लागते, हे त्या ग्रंथकाराने गृहीतच धरले होते. रोग्याकडूनही त्याने चार गोष्टी मागितल्या आणि त्यांत निर्भयता व आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे, या दोन आहेत. सुश्रुताने अर्बुदाचे, म्हणजे गाठीचे, वर्णन केले तेव्हा आणखी एक गोष्ट नोंदवली: मुळाचा अंश आत राहून गेला, तर ते पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावरही किरण का द्यायचे, असा प्रश्न आज गावोगाव विचारला जातो. त्याचे उत्तर त्या जुन्या निरीक्षणातच आहे. डोळ्यांना न दिसणारा जो अंश राहून गेला असेल, त्याच्यासाठी किरण.

मधली शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावे लागते, कारण आजच्या उपचाराची नाळ तिथे आहे. अमेरिकेत विल्यम हाल्स्टेडने १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष मांडले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळेच काढून टाकायचे, ही त्याची पद्धत पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे प्रमाण मानली गेली. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरण सापडले, आणि काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, शिकागोच्या एमिल ग्रुबेने स्तनाच्या कर्करोगाच्या एका स्त्रीवर त्यांचा प्रयोग केला, असे त्याने पुढे सांगितले. त्या दाव्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र या किरणांच्या रोजच्या सहवासापायी त्याला आपला डावा हात गमवावा लागला, याविषयी वाद नाही. किरणांविषयी आज घरोघरी जी भीती आहे, ती अडाणीपणाची म्हणून हिणवू नये. त्या भीतीला खरा पाया होता. पुढे मात्रा मोजण्याचे शास्त्र उभे राहिले तेव्हा तो पाया गेला, पण ती बातमी गावापर्यंत कोणी नेली नाही.

त्याच १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि आपल्याकडे वैद्यक व कुटुंब यांची जी गाठ पडली ती विसरण्यासारखी नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात प्लेग-अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घरात शिरून रोगी शोधू लागले, संशयितांना उचलून छावण्यांत नेऊ लागले. ज्याला नेले त्याच्याजवळ घरचे माणूस राहील की नाही, हे घरच्यांच्या हाती उरले नाही. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. मुंबईत पुढे ज्ञातींना आपापली प्लेग-रुग्णालये चालवू दिली, तेव्हा विरोध पुष्कळ निवळला, कारण आपले माणूस आपल्या माणसांच्या नजरेसमोर राहू लागले. याच साथीत, पुण्याबाहेर मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात, सावित्रीबाई फुले आजारी मुलाला पाठीवर घेऊन पोचल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी स्वतः प्लेगने गेल्या. एका बाजूला रोग्याला माणसांपासून तोडणारे सरकार आणि दुसऱ्या बाजूला रोग्याला उचलून दवाखान्यापर्यंत आणणारी बाई, अशी दोन चित्रे एकाच महिन्याने मागे ठेवली आहेत. छातीतली गाठ महिनोन्‌महिने पदराआड ठेवणारी आजची स्त्री त्याच जुन्या कारणाने गप्प राहते. दवाखाना म्हणजे घर तुटणे, हे समीकरण तिच्या मनातून अजून पुसले गेलेले नाही.

वर्ध्याच्या मातीत या समीकरणाला दिलेले उत्तर सापडते, आणि ते देणारा माणूस वैद्य नव्हता. गांधीजींना शुश्रूषेचे वेड म्हणावे इतकी ओढ होती. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी एका लहान रुग्णालयात रोज वेळ दिला, बाळंतपणाचे पुस्तक वाचून ठेवले आणि धाकट्या मुलाच्या जन्मावेळी स्वतःच सुईणीचे काम केले. तिथेच कस्तुरबांवर क्लोरोफॉर्मशिवाय शस्त्रक्रिया झाली. अशक्तपणा वाढला म्हणून डॉक्टरांनी न विचारता मांसाचे सूप दिले होते. गांधीजींनी तो विषय पत्नीसमोर ठेवला, आणि ते घेणार नाही असे तिने स्वतः सांगितले. तो निर्णय वैद्यकीय दृष्टीने बरोबर होता की नाही, यावर वाद घालता येईल. विचारले मात्र तिला गेले. १९३६ मध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला महारोग्यांसाठी वसाहत सुरू केली. १९३९ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातले ओळखीचे परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि रोज आपल्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. देशाचे राजकारण ज्याच्या दारात थांबून राहिले होते त्या पुरुषाने रोजच्या दिनक्रमात रोग्याच्या कातडीसाठी वेळ ठेवला. वर्धा जिल्ह्यातल्या पुरुषांनी या वारशातले खादी आणि चरखा पुष्कळ मिरवले. हा भाग मात्र कोणी फारसा उचलला नाही.

याच इतिहासात एक अवघड पानही आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. देवदास गांधींनी पेनिसिलिन मिळवण्याची खटपट केली. दर काही तासांनी टोचावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटले. बाप-लेकांत वाद झाला, आणि त्या वादात बा काय म्हणाल्या हे इतिहासाला ठाऊक नाही. २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. त्या अवस्थेत औषधाचा गुण आला असता असे कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. पण आफ्रिकेत ज्या स्त्रीला विचारले गेले, तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्याविषयीचे बोलणे तिच्या उशाशी बसलेल्या पुरुषांत झाले, एवढे खरे. जवळच्यांची माया आणि रोग्याचा होकार या दोन गोष्टी एकच असतात, असे धरून चालण्यातला धोका थोरांच्या घरीही टळला नाही. मग बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर बाईशी बोलायला लागताच तिच्या वतीने उत्तर देणारा नवरा, दीर किंवा शिकलेला मुलगा पाहून आश्चर्य कशाला वाटावे?

आगाखान पॅलेसमध्ये त्या वेळी डॉ. सुशीला नायर स्थानबद्ध होत्या. कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय त्यांनी सेवाग्रामात उभे केले, ते स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी सुरू झाले, आणि १९६९ मध्ये, गांधी-शताब्दीच्या वर्षी, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, प्रत्येकाने काही कुटुंबे वर्षानुवर्षे पाहावीत, ही तिथली रीत. ऐंशीच्या दशकात या परिसरातल्या गावांतून आरोग्यविम्याची वर्गणी ज्वारीच्या रूपात गोळा होत असे. सुगी झाली की घरोघरची ज्वारी मोजली जाई, जमीन असणाऱ्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी, आणि मग वर्षभर गावाच्या आजारपणाचा भार त्यावर पेलला जाई. विम्याची कंपनी नाही, कागदांची चळत नाही. आजार आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा धान्य घरात असतानाच तयारी करून ठेवावी, एवढे शहाणपण त्यामागे होते. आज महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली कर्करोगाचा उपचार मोफत होऊ शकतो. ही फार मोठी मजल आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ज्वारीच्या त्या ढिगामागे अख्खे गाव उभे होते, योजनेच्या कार्डामागे एकटे घर उभे असते.

मुंबईत तोवर दुसरी परंपरा आकार घेत होती. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशी वारल्या. त्या दुःखातून त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात जे आले, त्याचे फळ म्हणजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडलेले टाटा मेमोरियल रुग्णालय. विदर्भातल्या कर्करोग्याला कित्येक दशके परळ हाच मोठा आधार होता, आणि परळला जायचे तर रोग्यापेक्षा सोबतच्याची आबाळ अधिक. ती आबाळ ओळखली शेंडगावच्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या गाडगेबाबांनी. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने दवाखान्यापाशी थांबलेले गरीब नातलग हेही यात्रेकरूच मानले. त्यांच्या नावाने दादरला उभ्या असलेल्या धर्मशाळेत टाटाच्या रोग्यांनी आणि त्यांच्या माणसांनी घालवलेल्या रात्री एकत्र केल्या तर महाराष्ट्राच्या आरोग्याचा एक वेगळाच ग्रंथ होईल. मोझरीला १९६८ मध्ये कर्करोगानेच देह ठेवलेल्या तुकडोजी महाराजांच्या नावाचे रुग्णालय पुढे नागपुरात झाले, आणि मुंबईची वाट पुष्कळांसाठी वाचली.

याच काळात पश्चिमेकडे हाल्स्टेडचे साम्राज्य ढासळत होते. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकातच स्तन न काढता रेडियमच्या सुया वापरून पाहिल्या होत्या. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी सत्तरच्या दशकात रुग्णांच्या रीतसर तुलना सुरू केल्या, आणि २००२ मध्ये दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: योग्य रुग्णांत फक्त गाठ काढून किरण दिले तरी स्त्री तितकीच जगते. ज्या कल्पनेला १९२० च्या दशकात पुरावा मिळाला होता ती मान्य व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला, आणि मधल्या काळात असंख्य स्त्रियांनी नको तेवढे अंग गमावले. पण या विजयाला एक अट चिकटली. स्तन राखायचा तर किरण हवेतच, आणि किरण हवेत तर रोजचे जाणे-येणे हवे. ज्या घराला ते जमणार नाही, त्या घरची बाई पूर्ण स्तन काढून घेणे पत्करते, जगभर पत्करत आली आहे. पंचवीस दिवसांचा उपचार पंधरा दिवसांवर आला, आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीने निवडक रुग्णांत पाच दिवसही पुरतात असे दाखवले, तेव्हा विज्ञानाने एसटीच्या फेऱ्याच कमी केल्या असे म्हणावे लागेल. आपल्याला किती दिवस लागतील आणि का, हा प्रश्न प्रत्येक घराने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावा. तो विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष तयारीकडे यावे, कारण चरकाने सांगितलेला जाणतेपणा इथे लागतो. किरणोपचार सुरू होण्याआधी एक दिवस नुसत्या आखणीचा असतो. बाई पाठीवर झोपते, दोन्ही हात डोक्यावर नेऊन आधाराच्या मुठी धरते, त्याच स्थितीत सीटी स्कॅन होतो, आणि छातीवर शाईच्या रेघा किंवा गोंदणाचे बारीक ठिपके उमटवले जातात. पुढे रोज याच ठिपक्यांवर किरणांचा नेम धरला जातो, म्हणून ते घासून काढायचे नाहीत. इथेच पुष्कळांची पंचाईत होते. काखेतल्या गाठी काढल्यावर खांदा आखडतो आणि हात डोक्यावर जातच नाही. भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा साधा व्यायाम, फिजिओथेरपिस्टला विचारून, शस्त्रक्रियेनंतर लवकर सुरू केला तर ही अडचण बहुधा टळते. तो रोज करून घेणारे कोणीतरी घरात हवे. डाव्या बाजूचा कर्करोग असेल तर हृदयाला कमीत कमी किरण लागावेत म्हणून काही ठिकाणी खोल श्वास भरून रोखायला शिकवतात. घरी खाटेवर पडून त्याचा सराव करता येतो, नातवाने घड्याळ धरले तरी पुरते. पेसमेकर बसवलेला असेल, पूर्वी कधी किरण घेतलेले असतील, दिवस गेल्याची शक्यता असेल, तर ते आखणीच्या आधीच सांगायला हवे.

कातडीला सौम्य साबण आणि कोमट पाणी चालते, टॉवेलने न घासता टिपून घ्यायचे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळद, तेल, बाम किंवा कसलाही लेप नको, आणि वरून शेक तर मुळीच नको, हे आजीला आणि शेजारणीला आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण प्रेमाने लावलेल्या लेपानेच कातडी चिघळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लालसर, काळपट होते आणि उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे ती अधिक हुळहुळते, म्हणून शेवटच्या दिवशी सगळे संपले असे घराने समजू नये. सैल, मऊ सुती पोलके लागते, समोरून उघडणारे असले तर उत्तम. कापसाच्या आणि खादीच्या जिल्ह्यात ते शिवून घेणे अवघड नाही, आणि वर्ध्याचा मे महिना वाट्याला आला तर तेच पोलके औषधाइतके कामाला येते. थकवा हळूहळू चढत जातो आणि झोपेने पूर्ण उतरत नाही. त्याला आळस म्हणणारे माणूस घरात नसावे. बाहेरून दिलेल्या या किरणांनी बाई स्वतः किरणोत्सारी होत नाही. लेकराला कुशीत घ्यावे, एका ताटात जेवावे, स्वयंपाकघर वेगळे करू नये. छातीवर दिलेल्या किरणांनी डोक्याचे केस जात नाहीत. यंत्राखाली किरण काही मिनिटेच असतात, त्या खोलीत ती एकटी असते, पण बाहेरच्या तंत्रज्ञाला ती दिसत असते आणि तिचा आवाज त्याला ऐकू जातो. ही एवढी माहिती तिला आधी असली, तर पहिल्या दिवशीचे अर्धे भय दाराबाहेर राहते.

दिवस चुकवायचे नाहीत, ही या उपचाराची सगळ्यात कडक अट. मृगाची पेरणी आली, वेचणी आली, घरात लग्न निघाले, म्हणून मधले दिवस पडले तर किरणांचा गुण कमी होतो. इथे आपल्या घरांची एक जुनी उणीव उघडी पडते. शुश्रूषा करणारे माणूस आपल्याकडे नेहमी बाईच राहिले आहे. सासऱ्याच्या लकव्यात ती होती, नवऱ्याच्या अपघातात ती होती, मुलाच्या तापात रात्रभर तीच जागली. ती स्वतः आजारी पडते तेव्हा तिच्या जागी उभे राहायला शिकलेले माणूस घरात कोणी नसते, आणि मग माहेरून बहीण बोलावली जाते, किंवा मुलीची शाळा सुटते. दहावीच्या वर्षाला असलेली मुलगी आईच्या किरणोपचारासाठी घरी बसली तर त्या घराने एक आजार बरा करता करता दुसरा ओढवून घेतला. नवऱ्याने, मुलाने, दिराने पोळ्या लाटायला, फाईल सांभाळायला, पोलक्याची गाठ सोडायला आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर गप्प बसून तिला बोलू द्यायला शिकले पाहिजे. सेवाग्रामात एका पुरुषाने हे काम जगासमोर केले; त्यात लाज कसली?

घराच्या अंगावर टाकून मात्र हे सगळे भागणार नाही. क्षयरोग्याला गोळ्यांबरोबर खायलाही लागते हे सरकारला कळायला कित्येक दशके लागली. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा पाचशे रुपये मिळू लागले आणि पुढे ती रक्कम वाढली. २०२३ पासून स्त्रियांना एसटीचे अर्धे तिकीट लागते, रेल्वेत कर्करोग्याला आणि त्याच्या सोबत्याला सवलत मिळते. हे सगळे चांगलेच आहे. पण मजुरीवर जगणाऱ्या घरात किरणोपचाराचा खरा खर्च तिकिटाचा नसतो. बाईचा रोज तर बुडालेलाच असतो, वर सोबत्याचाही बुडतो, आणि तिसऱ्या आठवड्यात तो म्हणतो, आज तू एकटीच जा. त्यानंतरच्या एखाद्या सकाळी ती जात नाही.

महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा मजुरीचे उत्तरदायित्व राज्याने अंगावर घेणे देशाला नवीन होते. दुष्काळाने घर मोडते हे ज्या राज्याने मान्य केले, त्याला आजारानेही घर तसेच मोडते हे मान्य करणे जड जाऊ नये. किरणोपचाराच्या दिवसांपुरती, सोबत येणाऱ्या एका माणसाला हमी योजनेच्या दराने मजुरी द्यावी. नवे कार्यालय त्यासाठी लागत नाही. दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद किरणोपचार विभागात रोज होतेच. त्या नोंदीशेजारी सोबत आलेल्याची सही घ्यायची आणि आठवड्याच्या शेवटी ती यादी तहसीलला पाठवायची. सेवाग्राम आणि सावंगी ही दोन रुग्णालये एकाच तालुक्यात आहेत, जिल्ह्यात आठच तालुके आहेत, आणि गावोगाव आशा कार्यकर्ती आहे. पुढच्या वेचणीच्या आत हे वर्ध्यात करून पाहता येईल.